मदत हवी आहे: फ्लिमच्या डेटात दिसतंय ते कर्क्युमिनच का?

नमस्कार मंडळी. मी सांगलीची, वडिलांचं मार्केट यार्डात हळदीचं अडत दुकान, त्यामुळं हळदीतलं पिवळं द्रव्य, कर्क्युमिन, पेशीत नेमकं कुठं जाऊन चिकटतं हा प्रश्न माझ्या फार जवळचा. बाहेरच्या एका लॅबमध्ये दोन दिवस फ्लिमचं मशीन (लेझरनं उजळलेला रेणू किती वेळ चमकत राहतो, म्हणजे त्याचा लाइफटाइम, पिक्सेलगणिक मोजणारा मायक्रोस्कोप) मिळालं, मोजून आणलं, आता विश्रामबागेत घरी डेटा घेऊन बसलेय आणि विचारायला जवळ कोणी नाही.

४०५ नॅनोमीटरचा पल्स्ड लेझर, ४० मेगाहर्ट्झ, सिंगल फोटॉन काउंटिंग (एकेक फोटॉन कधी आला ते मोजणं). पाइल-अप (एका पल्सला दोन फोटॉन येऊन पहिलाच मोजला जाणं) नको म्हणून काउंट रेट लेझर पल्सच्या १ टक्क्याच्या आत ठेवलेला. चमक विझण्याच्या वक्राला दोन एक्स्पोनेन्शियलचं फिट केलं की एक लाइफटाइम येतो ०.२ नॅनोसेकंद, दुसरा २.४. काय-स्क्वेअर (फिट किती जुळलं त्याचा आकडा, १ च्या जवळ हवा) १.१, छानच दिसतंय, पण आयआरएफचीच (मशीनच्या स्वतःच्या प्रतिसादाचीच) रुंदी ०.२ नॅनोसेकंद आहे! कर्क्युमिनचा लाइफटाइम बहुतेकदा एका नॅनोसेकंदाच्या आतच असतो त्यामुळं आकडा पटतो, पण फिल्टरमधून लेझरचा विखुरलेला प्रकाश आला असला तरी हेच दिसणार ना? फेझरवर (प्रत्येक लाइफटाइम एका बिंदूनं दाखवणाऱ्या आलेखावर) बघितलं तर ४० मेगाहर्ट्झला ०.२ चा बिंदू (१,०) ला जवळजवळ चिकटूनच, आणि विखुरलेला प्रकाशही तिथंच बसतो.

२.४ ची तर जास्त धास्ती. मी वहीत "मेंब्रेनला चिकटलेलं कर्क्युमिन" असं लिहूनही टाकलं होतं, मग कर्क्युमिन न घातलेल्या पेशी उघडल्या तर त्याही हिरव्या चॅनलमध्ये मंद चमकतात, एफएडीमुळं (पेशीतच असणाऱ्या, स्वतः चमकणाऱ्या एका रेणूमुळं) असणार, आणि प्रथिनाला न चिकटलेल्या मोकळ्या एफएडीचा लाइफटाइम अडीचच्या आसपासच.

एका पेशीत केंद्रकाला लागून चंद्रकोरीसारखा उजळ पट्टा आहे, तोच मला हवाय, पण तिथं पिक्सेलला २०० फोटॉनसुद्धा नाहीत, फिटला अपुरे, आणि ५ बाय ५ बिनिंग (शेजारचे पिक्सेल एकत्र करणं) केलं की पट्टाच पुसला जातो. शिवाय सगळं सीरम नसलेल्या बफरमध्ये ३७ अंशाला घेतलंय, तिथं अर्ध्या तासात कर्क्युमिन बहुतेक मोडून जातं, म्हणजे शेवटच्या इमेजमध्ये काय उरलं असेल कोण जाणे.

पट्ट्यातले सगळे पिक्सेल एकत्र करून एकच फिट केलं तर चालेल का? बिनकर्क्युमिनच्या पेशींचा लाइफटाइम फिटमध्ये फिक्स करून टाकावा का? आयआरएफ आरशावरून घेतला होता, त्याऐवजी आयोडाइडनं क्वेंच केलेला (चमक पटकन विझवलेला) फ्लोरेसिन रंग वापरणं बरं का? फेझरचा दुसरा-तिसरा हार्मोनिक (४० मेगाहर्ट्झच्या दुप्पट-तिप्पट वारंवारता) कोणी वापरलाय का? पुढच्या महिन्यात अर्धा दिवस मशीन मिळतंय, आधी काय मोजू तेवढं तरी सांगा.