शब्द हवा: जिच्यात एकही आज्ञा नाही ती ‘आज्ञावली’?

डी-वेव्ह या कंपनीच्या ॲनीलिंग यंत्रांवर (एका प्रकारच्या क्वांटम संगणकांवर) लिहितोय. ‘प्रोग्राम’ला सवयीने ‘आज्ञावली’ लिहिलं आणि अडलो. लॉस अलामोस प्रयोगशाळेतल्या स्कॉट पाकिन यांचं क्यूएमएएसएम हे साधन म्हणायला मॅक्रो असेंब्लर (यंत्राला पायरीपायरीने द्यायच्या आज्ञा लिहायचं साधन), पण त्यात ‘हे कर, मग ते कर’ असं नसतंच. ‘अँड’ गेट (ए आणि बी दोन्ही खरे तरच वाय खरा) लिहायचं तर एवढंच:

ए -१
बी -१
वाय २
ए बी १
ए वाय -२
बी वाय -२

आधी एकेका क्यूबिटचे (क्वांटम संगणकातल्या बिटचे) भार, मग जोड्यांचे. क्यूबिटला +१ (खरं) किंवा -१ (खोटं) धरा, एकेकाच्या भाराला त्या क्यूबिटने आणि जोडीच्या भाराला दोन्ही क्यूबिटांनी गुणा, मग बेरीज करून पाहा. गेटच्या चारही बरोबर स्थितींत -३ येते. चुकीच्या चारपैकी तिघींत १, चौथीत ९. यंत्र सर्वांत लहान बेरीज शोधतं. ओळी पत्त्यांसारख्या पिसल्या तरी उत्तर तेच. याला आज्ञावली कसं म्हणू?

—

‘मांडणी’ म्हणा की. शाळेत गणित आधी मांडायचो, मग सोडवायचो. इथे मांडायचं आपण, सोडवायचं यंत्राने.

—

मांडणी आवडली, पण ‘एम्बेडिंग’लाही (गणितातले चल यंत्रातल्या प्रत्यक्ष क्यूबिटांवर नेमण्यालाही) लोक तोच शब्द लावतील. प्रत्येक क्यूबिट प्रत्येकाशी जोडलेला नसतो: डी-वेव्हच्याच २०००क्यू यंत्रात जास्तीत जास्त ६ शेजारी, ॲडव्हांटेज यंत्रात १५. मग एका चलासाठी चार-पाच क्यूबिट एकत्र बांधावे लागतात. मी त्याला ‘बसवणी’ म्हणते, नाटक बसवतो तशी. अशा बांधलेल्या गटाला, म्हणजे ‘चेन’ला, साखळी चपखल बसतं, कारण ती खरोखर तुटते: एकाच साखळीतले काही क्यूबिट +१ म्हणतात, काही -१. मग बहुधा बहुमत घ्यायचं!

—

पटलं. मांडणी आणि बसवणी, दोन्ही घेतो. आणि ॲनीलिंगला (मूळ अर्थ धातू तापवून सावकाश थंड करणं) ‘अनुशीतन’ चालेल?

—

धातुकामात चालेल. इथे मला खटकतं. यंत्र आधीच सुमारे १५ मिलिकेल्विनला असतं, गणित सोडवताना ते आणखी थंड करत नाहीत. हळूहळू उतरवतात ते आडवं चुंबकी क्षेत्र, क्यूबिटांना +१ आणि -१ यांच्यात अधांतरी ठेवणारं. तसं तर तांबटही तांबं लाल करून सरळ पाण्यात बुडवतो, तरी ते मऊच पडतं. म्हणजे ‘सावकाश थंड’ हा अर्थ तिथेही नेहमी लागू नाही. मी तरी ॲनीलिंगच लिहीन.