नाट्यगृहांवर मंडळ नेमून काय होणार? (कालच्या पोस्टला उत्तर)

रंगपेटी
काल 'तिसरी घंटा' यांनी लिहिलं की पार्ल्याचं दीनानाथ, बोरिवलीचं प्रबोधनकार ठाकरे आणि मुलुंडचं कालिदास या मुंबई महापालिकेच्या नाट्यगृहांचा कारभार अधिकाऱ्यांकडून काढून घ्यावा आणि एका देखरेख मंडळाकडे द्यावा. मंडळात निर्माते, कलावंत, प्रेक्षकांचे प्रतिनिधी आणि दोन-तीन नगरसेवक. खाली सगळ्यांनी माना डोलावल्या. मला मात्र ते वाचून चीड आली, म्हणून स्वतंत्र धागा काढतोय.

मंडळाला अधिकार कुठून येणार? एसी बंद पडला तर तो यांत्रिकी-विद्युत खात्याचा विषय. छत गळलं तर खातं वेगळं. सफाईचं कंत्राट वेगळं, सुरक्षेची माणसं वेगळ्या साहेबाची. पैसा अर्थसंकल्पातून, आणि मोठा खर्च असला की स्थायी समितीची मंजुरी. यातलं मंडळाच्या हातात काय? बैठक घेतील, इतिवृत्त लिहितील, शिफारस पाठवतील. १८८८ च्या महापालिका कायद्यात कलम ६१ ची कामं बंधनकारक, कलम ६३ ची ऐच्छिक. पाणी, गटारं, रस्ते, दिवाबत्ती पहिल्यात, नाट्यगृह दुसऱ्यात. पैसा कमी पडला की आधी कात्री कुठे लागते हे सांगायला नको. ते मंडळ नेमून बदलत नाही.

आणि हे आधी करून झालंय. अंधेरीचं शहाजीराजे भोसले क्रीडासंकुल आणि मुलुंडचं कालिदास चालवायला महापालिकेनेच बृहन्मुंबई क्रीडा व ललितकला प्रतिष्ठान काढलं होतं. वेगळी संस्था, वेगळा कारभार. तिने मुलुंडच्या प्रेक्षकाला काय वेगळं दिलं ते मंडळाची मागणी करणाऱ्यांनी आधी सांगावं.

सगळ्यात खटकलं ते निर्मात्यांचं नाव. शनिवार-रविवारच्या तारखांसाठी जे आपसात भांडतात, त्यांनाच तारखांवर देखरेखीला बसवायचं?

मला हवा तो प्रत्येक नाट्यगृहाला एक पूर्णवेळ व्यवस्थापक. तीन वर्षं त्याची बदली नको. नळ, बल्ब, पंखे, खुर्च्या यांच्यासाठी वरची सही न लागता खर्च करायचा अधिकार त्याला द्या, आणि तिमाही तारखांचं वाटप सगळ्यांना दिसेल असं जाहीर करा. जबाबदारी एका माणसाच्या गळ्यात असली की त्याला जाब विचारता येतो. मंडळात पंधरा गळे, धरायचा कोणता?

तिसरी घंटा
तुमचा तो आदर्श व्यवस्थापक आला तरी त्याला वरून फोन येतो, "रविवार अमुकांच्या सत्काराला सोडा". त्याने काय करायचं? एकटा माणूस नाही म्हणू शकत नाही. मागे मंडळ असेल तर म्हणू शकतो.

मार्च २०२२ ला महापालिकेच्या निवडून आलेल्या सभागृहाची मुदत संपली. तिथून जानेवारी २०२६ च्या मतदानापर्यंत प्रशासक होता. नगरसेवक नाही, समिती नाही. नाटकवाल्याने तक्रार घेऊन कोणाच्या दारात जायचं होतं? मंडळ असतं तर निदान एक दार असतं.

तुम्ही मुलुंडचं उदाहरण दिलंत, मी भायखळ्याचं देतो. राणीच्या बागेतलं भाऊ दाजी लाड संग्रहालय. १८७२ ची वास्तू, मोडकळीला आली होती. २००३ मध्ये महापालिका, वारसा वास्तू जपणारी इन्टॅक संस्था आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांचा करार झाला, दुरुस्ती झाली, युनेस्कोचा पुरस्कार मिळाला, २००८ मध्ये ते पुन्हा खुलं झालं. मालकी महापालिकेची, कारभार विश्वस्त मंडळाचा. एकट्या खात्याकडून हे झालं असतं का, छातीवर हात ठेवून सांगा.

रंगपेटी
तेच संग्रहालय कोविडमध्ये बंद झालं ते थेट जानेवारी २०२५ ला उघडलं. विश्वस्त मंडळ होतं की तेव्हाही. आणि तिथे बाहेरून पैसा आला होता. नाट्यगृहाच्या संडासासाठी कोणतं फाउंडेशन पैसे देणार आहे?

विंगेतला
संडासाचा विषय निघालाच आहे तर बोलतो. मी नेपथ्य लावणारा माणूस. प्रयोग दुपारचा असला तरी आमचा टेम्पो सकाळीच दाराला लागतो. एका नाट्यगृहात (नाव घेत नाही, उद्या पुन्हा तिथेच जायचंय) मेकअप रूमच्या नळाला पाणी नव्हतं. बाई नऊवारीत, तोंडाला रंग, आणि आमचा पोरगा बिसलेरीचे कॅन उचलून जिने चढतोय. व्यवस्थापकाला सांगितलं तर म्हणतो, "मी लिहून कळवलंय." दुसऱ्या अंकात एसी गेला. प्रेक्षक ओरडले ते आमच्यावर. माफी मागितली ती नटाने.

तुमच्या मंडळात कलावंत आहेत, निर्माते आहेत, प्रेक्षक आहेत. रंगमंच कामगार कुठे आहे? दोघांच्याही पोस्टमध्ये आमचं नाव नाही. इमारत खरी कशी आहे ते आम्हाला माहीत असतं. पडदे-दिवे टांगायचा कोणता बार खाली येत नाही, दिवे कमी-जास्त करणारा कोणता डिमर उडतो, कुठल्या विंगेत फळी उखडलीय. नटाला ते प्रयोगात पाय अडकल्यावर कळतं.

तिसरी घंटा
मान्य. कामगारांचा प्रतिनिधी हवाच. राहून गेलं.

गिरणगाव
आमचंही राहूनच गेलंय, पण त्याची कोणाला खंत दिसत नाही.

परळचं दामोदर २०२३ च्या अखेरीस पुनर्विकासासाठी बंद झालं. १९२२ पासूनचं नाट्यगृह. दशावतार, नमन, शक्ती-तुऱ्याचे सामने या आमच्या कोकणातल्या लोककला, कामगार रंगभूमी, सगळं तिथे झालं. आमच्या गावच्या वाडीचं लोककला मंडळ आहे. पोरं दिवसभर कुरिअरच्या गाड्या चालवतात, रात्री चाळीच्या गच्चीवर तालीम करतात. वर्षातून एक-दोनदा मुंबईत नमन लावतो, त्याच पैशातून गावच्या देवळाचं काम आणि कोणाच्या आजारपणाला मदत. तिकीट वाडीवाडीत हातोहात खपतं.

दामोदर गेल्यावर आम्ही उपनगरात विचारायला गेलो. रविवार नाहीच. मधल्या वारी घ्या म्हणाले. आमचा प्रेक्षक बुधवारी विरारहून कसा येणार? भाडं आणि अनामत भरून वर एसी, लाइट. मग तिकीट किती लावायचं? तुमचं मंडळ झालं तर आमच्यासारख्याला आत कोण घेणार ते आधी सांगा.

पार्लेकर
भावना समजतात. पण आधुनिक प्रकाशयोजनेचं बंदिस्त नाट्यगृह नाटकासाठी बांधलेलं असतं. लोककला मैदानावर जास्त खुलते. मैदानं आहेत, समाजमंदिरं आहेत. प्रत्येकाला दीनानाथच का हवं? आधीच शाळांची गॅदरिंग, नृत्यवर्ग आणि राजकीय मेळावे यांत नाटकाच्या तारखा जातात.

गिरणगाव
पावसात कुठलं मैदान? शक्ती-तुऱ्याचे सामने लागतात ते गणपतीच्या आधी, चिखलात. आणि दहा वाजता लाऊडस्पीकर बंद, मग पोलीस येतात. बंदिस्त सभागृह मिळालं तर वगनाट्य शेवटपर्यंत नेता येतं. नमनाला गण असतो, गवळण असते, संकासूर असतो, त्यानंतर वग. त्याला प्रकाशयोजना लागत नाही असं तुम्हाला कोणी सांगितलं? कधी बसून पाहिलंय का?

गिरण्या चालू होत्या तेव्हा या शहरातली नाटकं कामगारांनी तिकिटं काढून जगवली. महापालिका त्यांच्याही घामावर उभी राहिली. आज त्यांच्या नातवाने नाट्यगृह मागितलं तर त्याला मैदान दाखवताय. शरम वाटली पाहिजे.

पार्लेकर
मी कोणाचा अपमान केलेला नाही. वैयक्तिक बोलू नका.

लालबागची सून
केलात. "मैदानावर खुलते" म्हणजे आत येऊ नका. माझे सासरे दामोदरला जाखडीत, म्हणजे शक्ती-तुऱ्याच्या नाचात, ढोलकी वाजवायचे. पुढच्या रांगेत गिरणीतले मुकादम बसायचे आणि पडदा पडला की शाहिराच्या हातावर बक्षीस ठेवायचे. त्यांना कोणी सांगितलं नाही की ही जागा तुमच्यासाठी नाही. ट्रस्टचं नाट्यगृह होतं ते, सोशल सर्व्हिस लीगचं, ना. म. जोशींच्या संस्थेचं. कामगारांसाठीच निघालेली संस्था. बंद झालं तेव्हा मराठी नाटकवाले आंदोलनाला उभे राहिले, ते चांगलंच केलं. पण तोवर आमची पोरं कुठे जातील हे एकानेही विचारलं नाही.

प्रयोग क्रमांक
मी निर्माता आहे, दोन्हीकडून मार खातोय म्हणून लिहितो. शनिवार-रविवार सोडला तर व्यावसायिक नाटक चालत नाही. नटांच्या मालिकांच्या तारखा, टेम्पो, जाहिरात, कामगारांची नाइट (प्रयोगामागची मजुरी), सगळं त्या दोन दिवसांवर उभं असतं. तारीख गेली की दौरा कोसळतो. शिवाजी मंदिर, यशवंत ही नाट्यगृहं म्हणजे ट्रस्टच्या आणि नाट्य परिषदेच्या जागा आहेत, रवींद्र नाट्य मंदिर राज्य सरकारचं आणि तेही दुरुस्तीनंतर फेब्रुवारी २०२५ ला उघडलं. तोवर सगळा भार उरलेल्यांवर. आम्ही तारखांसाठी भांडतो म्हणून आम्ही चोर ठरत नाही. भाडं भरतो.

गिरणगाव
भाडं आम्हीही भरू. तारीख तर द्या.

रंगपेटी
माझा धागा दामोदरकडे गेला त्याची तक्रार नाही, कारण माझा मुद्दाच इथे सिद्ध होतोय. अजून मंडळ झालेलंही नाही आणि आत कोण बसणार यावर इतकी भांडणं. झाल्यावर ज्यांचा आवाज मोठा ते बसतील. वाडीच्या मंडळाला व्यवस्थापकही दाद देत नसेल, पण निदान नियम जाहीर असला तर त्याच्यासमोर कागद धरता येईल: तिमाहीतल्या रविवारांपैकी इतके हौशी आणि लोककला मंडळांना, भाडं कमी, अर्जाच्या क्रमाने.

तिसरी घंटा
आणि तो नियम करणार कोण? खातं स्वतःहून करेल? इतक्या वर्षांत केला का? 'गिरणगाव' यांना कोणी बोलावलं तर नियम होईल, आणि बोलावायला काहीतरी जागा लागते. त्या जागेलाच मी मंडळ म्हणतोय.

विंगेतला
दोघं एकच मागताय आणि भांडताय. व्यवस्थापकाला अधिकार द्या, त्याला जाब विचारायला माणसं बसवा. आम्हाला पाणी मिळालं म्हणजे झालं.

रंगपेटी
एक नाही. माझ्या दोन अटी आहेत. तारखांच्या वाटपात एकही निर्माता नको, आणि मंडळाला खर्चाचा अधिकार नको, तो व्यवस्थापकाचाच. एवढं असेल तर तुमचं मंडळ मला चालेल. आवडेल असं नाही.

तिसरी घंटा
तारखांच्या वाटपातून निर्माते बाहेर, ठीक. पण मंडळातून बाहेर नाही, जागा तेच भरतात. खर्चाचं मला पटलेलं नाही. पैसा नसलेलं मंडळ म्हणजे तुम्हीच म्हणालात ते इतिवृत्त.

प्रयोग क्रमांक
निर्मात्यांशिवाय तारखा वाटल्या तर मी पहिला विरोध करीन, आत्ताच सांगून ठेवतो.

पार्लेकर
लोककलेसाठी वर्षातून काही रविवार राखून ठेवायला माझी हरकत नाही. मघाचं मैदानाचं वाक्य मागे घेत नाही.

गिरणगाव
नका घेऊ. गणपतीच्या आधी दोन रविवार हवेत, अर्ज लिहून तयार आहे. मसुदा कोणीही लिहा, त्यात "लोककला मंडळं" हा शब्द पहिल्या पानावर असू दे, तळटीपेत नको. सह्या आम्ही लालबाग ते नालासोपारा गोळा करून आणतो.