सातबारावर आईचे नाव का नाही, हे संकेतस्थळावरून कळेल की तहसील कार्यालयातच जावे लागेल?

रंकाळावेस (धागा सुरू करणारी)
नमस्कार. माझ्या आजोबांच्या शेतजमिनीच्या सातबारावर दोन्ही मामांची नावे आहेत, पण माझ्या आईचे नाव नाही. महाभूलेखच्या संकेतस्थळावर मी सलग तीन संध्याकाळी शोध घेतला, तरीही नाव का नाही याचा उलगडा होत नाही. कार्यालयातील सहकारी सांगतात की आता सर्व ऑनलाइन आहे आणि हेलपाटे घालण्याची गरज नाही. गावाकडचे नातेवाईक म्हणतात की दप्तर उघडल्याशिवाय काहीही हाती लागणार नाही. आई 76 वर्षांची आहे आणि मला सुट्टी मिळणे कठीण आहे. या दोहोंपैकी काय खरे, एवढेच मला लवकर कळावे. कृपया केवळ ‘वकील गाठा’ असे सांगू नये.

बांधावरून
ताई, तालुका कोणता? आजोबा कोणत्या साली वारले? वारस नोंद झाली होती का? जमीन वडिलोपार्जित की त्यांनी घेतलेली? एवढे समजल्याशिवाय कोणीही उत्तर देऊ शकणार नाही.

सेतूचालक
मी गेली नऊ वर्षे सेवा केंद्र चालवतो. माझ्या अनुभवाप्रमाणे संकेतस्थळ पुरेसे आहे. डिजिटल स्वाक्षरी असलेला सातबारा 15 रुपयांत मिळतो आणि तो बँकेतही चालतो. जो विनास्वाक्षरी उतारा फुकट दिसतो, तो केवळ माहितीसाठी असतो. अनेकांचा घोटाळा तिथेच होतो. डिजिटल उतारा काढा, आठ-अ (खातेदाराच्या सर्व जमिनींचा उतारा) काढा, आपली शंका मिटेल.

जुने_दप्तर
सेतूचालक, आपण सांगता ते कर्ज काढणाऱ्यासाठी बरोबर आहे, परंतु ताईंचा प्रश्न उतारा मिळण्याचा नाही, नाव कुठे गळाले याचा आहे. मी महसूल खात्यातून निवृत्त झालो आहे. सातबारा आजची स्थिती सांगतो. ती स्थिती कशी आली हे गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार (हक्कातील बदलांच्या नोंदी) नोंदवहीत असते. संगणकीकरणानंतरचे फेरफार पडद्यावर सापडतात, जुन्यांसाठी मात्र बहुधा तहसीलच्या अभिलेख कक्षात जावे लागते.

मोडीवाचक
आपल्या नावावरून आपण कोल्हापूरच्या वाटता. कोल्हापूर संस्थान 1 मार्च 1949 रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले. त्यापूर्वीचे बरेचसे कागद मोडी लिपीत आहेत. आपण कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात अवश्य जावे आणि त्याआधी मोडी शिकून घ्यावी. थोड्या सरावाने सरकारी दप्तराचे वळण वाचता येते.

बांधावरून
मोडीवाचक, आजोबांच्या मृत्यूचे साल अजून कळलेलेही नाही. आधी ते येऊ द्या.

रंकाळावेस
क्षमस्व, हे सर्व आधीच लिहायला हवे होते. तालुका राधानगरी. आजोबा 1974 साली वारले, जमीन वडिलोपार्जित आहे. मामांच्या नावाने शोध घेतला तेव्हा सातबारा सापडला. परंतु आजोबांच्या जुन्या खरेदीखताच्या चतुःसीमेत (चारी बाजूंच्या जमिनींच्या वर्णनात) आमच्या जमिनीचा क्रमांक 112 आहे आणि संकेतस्थळावर 112 टाकले की दुसऱ्याच कुटुंबाची नावे येतात. जमीन परस्पर विकली गेली की काय, या भीतीने मी दोन रात्री झोपले नाही.

जुने_दप्तर
जमीन विकली गेलेली नाही, निश्चिंत असा. खरेदीखतातील 112 हा सर्व्हे नंबर असावा आणि संकेतस्थळ गट नंबर मागते. 1947 च्या कायद्यानुसार गावोगावी जमिनींचे एकत्रीकरण झाले, तेव्हा जुने सर्व्हे नंबर जाऊन नवे गट पडले. जुना नंबर कोणत्या गटात गेला, हे एकत्रीकरणाच्या उताऱ्यात मिळते. तो भूमी अभिलेखच्या तालुका कार्यालयात मागावा.

शेतीमित्र
हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित जमिनीत समान हक्क मिळाला आहे. त्याच आधारे दावा लावा. शिवाय पिकाची नोंद ई-पीक पाहणी ॲपवर स्वतः करावी, नाहीतर अनुदान मिळत नाही.

बांधावरून
शेतीमित्र, पीक पाहणीचा येथे संबंध नाही. तसेच आजोबा 1974 साली गेले. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानेच मुलगी त्यांच्या हिश्श्याची वारस ठरते. 2005 पर्यंत थांबण्याची गरज नाही. दाव्याची घाईही नको, कारण नाव मुळात नोंदले गेले होते की नाही हेच अजून माहीत नाही.

सेतूचालक
जुने_दप्तर यांचे म्हणणे मान्य, परंतु संकेतस्थळाला कमी लेखू नये. सातबाराच्या तळाशी जुन्या फेरफारांचे क्रमांक छापलेले असतात. ते घरबसल्या टिपून नेले, तर अभिलेख कक्षात अर्धा दिवस वाचतो. शिवाय 2019 च्या पुरात आमच्या गावच्या चावडीत पाणी शिरले, तेव्हा ओल्या कागदांपेक्षा संगणकातील उतारेच लोकांच्या कामी आले.

जुने_दप्तर
ही सूचना उत्तम आहे. क्रमांक न घेता येणाऱ्या माणसाला कारकून वर्षानुवर्षांच्या वह्या दाखवत बसत नाही, हे मी स्वतः पाहिले आहे. ताई, आणखी एक. त्या काळी बहिणींची नावे पुष्कळदा मुख्य कब्जेदारात न लिहिता ‘इतर हक्क’ रकान्यात लिहीत. सातबारा हाताने लिहिला जाई आणि साधारण दहा वर्षांनी नव्या पानावर उतरवला जाई. त्या उतरवण्यात नावे गळाली आहेत. म्हणून केवळ फेरफार नव्हे, 1974 पासूनचे सर्व हस्तलिखित सातबारे मागावेत.

रंकाळावेस (तीन आठवड्यांनंतर)
सर्वांचे मनापासून आभार. तळाशी छापलेले फेरफार क्रमांक लिहून घेतले, एक दिवसाची रजा काढली आणि रंकाळा स्थानकावरून सकाळच्या एसटीने राधानगरीला गेले. नकलांसाठी अर्ज दिला. त्या दुसऱ्या खेपेला मिळाल्या.

1974 च्या वारस नोंदीत तिन्ही भावंडे आहेत. जुने_दप्तर यांनी म्हटल्याप्रमाणे आईचे नाव ‘इतर हक्क’ रकान्यात होते आणि त्या वेळच्या सातबारावरही ते दिसते. त्यानंतर नव्याने लिहिलेल्या पानावर ते नाही. नाव कमी करणारा फेरफार कुठेही सापडला नाही, हक्कसोडपत्रही नाही. म्हणजे कोणी काढले नाही, उतरवताना राहिले. संगणकात ते राहिलेलेच पान चढले आणि मी तीन संध्याकाळी त्याच्याकडे पाहत बसले होते.

नक्कल आईला दाखवली. तिथे तिचे माहेरचे नाव लिहिलेले आहे. ते नाव मी आजवर कुठल्याही कागदावर पाहिले नव्हते. तिने चष्मा लावून ते दोनदा वाचले आणि नक्कल स्वतःच्या पेटीत ठेवायला मागितली.

आता प्रश्न एवढाच, की यासाठी वेगळा दावा लावावा लागेल का?

जुने_दप्तर
हा लेखनप्रमाद आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 155 खाली तहसीलदारांकडे दुरुस्तीचा अर्ज करावा आणि सोबत फेरफार व दोन्ही सातबाऱ्यांच्या प्रमाणित नकला जोडाव्यात. मामांना नोटीस जाईल. त्यांनी हरकत नसल्याचा जबाब दिला तर काम सोपे होईल, म्हणून नोटीस पोहोचण्याआधी आपण स्वतः त्यांना भेटावे. आईंना नक्कल ठेवायची असेल तर अर्जासाठी दुसरी प्रत काढून घ्या.

सेतूचालक
आदेश झाल्यावर तो फेरफार ‘आपली चावडी’ या महसूल खात्याच्या संकेतस्थळावर दिसेल. तो पाहण्यासाठी मात्र राधानगरीला जाऊ नका, ताई.