गावात वेगवान ब्रॉडबँड आल्याने स्थानिक अर्थव्यवस्था खरोखर वाढते का?

प्रश्न (ग्रामपंचायत सदस्य, देवगड तालुका)

आमच्या ग्रामपंचायत कार्यालयापर्यंत फायबर (काचेच्या तंतूंची इंटरनेट केबल) आलेले आहे, परंतु वाड्या सड्यावर (कातळाच्या पठारावर) आणि खाडीच्या काठाने विखुरलेल्या असल्यामुळे कार्यालयाबाहेर त्याचा फारसा उपयोग होत नाही. स्वनिधीतून काही रक्कम घालून आणि स्थानिक केबल व्यावसायिकाची मदत घेऊन ही जोडणी वाड्यांपर्यंत न्यावी, असा ठराव येत्या ग्रामसभेत मांडला जाणार आहे. ठरावाच्या बाजूचे लोक म्हणतात की इंटरनेट आले की रोजगार येतो. विरोधातले म्हणतात की सगळे व्यवहार मोबाइलवर होतातच, तेव्हा तो पैसा नळपाणी योजनेच्या दुरुस्तीला द्यावा. गावाचे उत्पन्न प्रामुख्याने हापूसच्या बागा, काजू प्रक्रिया, थोडी मासेमारी आणि अलीकडे सुरू झालेली पर्यटकांची निवासव्यवस्था यांवर आहे. ब्रॉडबँड आणि स्थानिक विकास यांचा संबंध अभ्यासातून सिद्ध झाला आहे का, आणि झाला असल्यास किती वेगाची जोडणी पुरेशी ठरते, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर १ (अर्थशास्त्राच्या प्राध्यापिका, कोल्हापूर)

ठरावाच्या बाजूने जो दावा केला जातो, त्याच्या मागे बहुतेक वेळा जागतिक बँकेचा २००९ मधील अभ्यास असतो. १९८० ते २००६ या काळातील १२० देशांच्या आकडेवारीवरून त्यात असे अनुमान काढले होते की, विकसनशील देशांत ब्रॉडबँडचा प्रसार १० टक्के-बिंदूंनी वाढला, तर आर्थिक वाढीच्या दरात १.३८ टक्के-बिंदूंची भर पडते. हा आकडा भाषणांतून फार वापरला गेला, पण त्यातून कारण कोणते आणि परिणाम कोणता हे ठरत नाही. कंपन्या केबल आधी तिथेच टाकतात, जिथे ग्राहकांच्या हाती पैसा आहे आणि वाढ आधीच सुरू आहे. त्यामुळे समृद्धी आणि वेगवान इंटरनेट एकत्र दिसले, तरी दुसऱ्याने पहिली आणली असे म्हणता येत नाही.

या अडचणीतून वाट काढणारा अभ्यास योनास योर्ट आणि योनास पोल्सन यांनी आफ्रिकेवर केला आणि तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. २००० च्या दशकाच्या अखेरीस समुद्राखालील केबल आफ्रिकेच्या किनाऱ्याला पोहोचल्या आणि देशांतर्गत फायबरचे जाळे आधीच जवळ असलेल्या ठिकाणी इंटरनेटचा वेग एकदम वाढला. दूरच्या ठिकाणी तो वाढला नाही. केबल किनाऱ्याला कधी लागणार हे आतल्या एखाद्या गावाच्या भरभराटीवर ठरलेले नव्हते, म्हणून या दोन प्रकारच्या ठिकाणांची आधीची आणि नंतरची तुलना विश्वासार्ह ठरते. जोडलेल्या भागांत रोजगाराचे प्रमाण लक्षणीय वाढले, आणि एका जागचे रोजगार दुसरीकडे सरकले एवढेच घडले असेही दिसले नाही. वाढ मुख्यतः अधिक कौशल्याच्या कामांत होती, तरी कमी शिकलेल्यांनाही तिचा लाभ झाला.

तेव्हा संबंध आहे, असे मी ठामपणे म्हणेन. परंतु तो लाभ जाळ्याजवळच्या परिसराला मिळाला, म्हणजे जिथे लोक, विक्रेते आणि उद्योग आधीपासून काही ना काही करत होते. कामच नसलेल्या ठिकाणी वेग टाकून काम निर्माण झाल्याचा पुरावा माझ्या वाचनात नाही.

उत्तर २ (वारणा खोऱ्यातील वाचक)

आमच्या भागाचा अनुभव ग्रामसभेत जरूर सांगावा. १९९८ मध्ये वारणानगरच्या सहकारी संस्थांच्या परिसरातील ७० गावे संगणकाने जोडण्याचा प्रकल्प केंद्र आणि राज्य सरकारच्या मदतीने सुरू झाला होता. बाजारभाव, शेतीविषयक सल्ला, सरकारी माहिती असे पुष्कळ काही गावातल्या केंद्रातून मिळणार होते. प्रत्यक्षात ही केंद्रे चालली ती उसाच्या हिशेबावर: किती टन ऊस गेला, किती खत उचलले, बिलाची रक्कम किती झाली. पुढे संशोधकांनी सात गावांत संगणकाच्या जागी साधा मोबाइल आणि एसएमएस वापरून पाहिला, तेव्हा हीच सर्व कामे कमी खर्चात झाली आणि शेतकऱ्यांना ती पद्धत अधिक आवडली. म्हणूनच मला वाटते की गावाला नेमके काय हवे आहे हे ठरण्यापूर्वी वेगावर खर्च करू नये. मोबाइलवाल्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही.

उत्तर ३ (दूरसंचार अभियंता, पुणे)

वारणेचे उदाहरण मोलाचे आहे, पण त्यावरून मोबाइल पुरेसा आहे असा निष्कर्ष काढणे मला मान्य नाही. उसाचा हिशेब म्हणजे दोन-चार आकडे असतात आणि ते एसएमएसमध्ये मावतात. हापूसच्या हंगामात थेट ग्राहकाला पेट्या विकणाऱ्या बागायतदाराला मात्र छायाचित्रे आणि व्हिडिओ पाठवायचे असतात, आलेले पैसे त्याच क्षणी तपासायचे असतात. इथे डाउनलोडपेक्षा अपलोडचा वेग आणि त्याहीपेक्षा जोडणीचे सातत्य महत्त्वाचे ठरते. दूरसंचार नियामकाने सुचवलेली आणि २०२३ पासून लागू असलेली ब्रॉडबँडची किमान मर्यादा २ एमबीपीएस (मेगाबिट प्रतिसेकंद) आहे. ती व्याख्येपुरती ठीक असली तरी काम करणाऱ्या घराला पुरत नाही.

सातत्याचे महत्त्व सरकारी आराखड्यातही उशिरा का होईना मान्य झाले. २०११ मध्ये मंजूर झालेली ग्रामपंचायतींना फायबरने जोडण्याची योजना, जी पुढे भारतनेट म्हणून ओळखली गेली, तिची सुरुवातीची रचना बहुतांशी एकेरी तारेची होती. अशा रचनेत रस्ता रुंदीकरणात तार एका ठिकाणी तुटली की पुढची गावे बंद पडतात. २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुमारे १.३९ लाख कोटी रुपयांच्या सुधारित कार्यक्रमात म्हणूनच वलयाकार जोडणीची आणि दीर्घकालीन देखभालीची तरतूद करण्यात आली. एका बाजूने तार तुटली तरी दुसऱ्या बाजूने संदेश येत राहतो. माझ्या दृष्टीने वेगाच्या कोणत्याही जाहिरातीपेक्षा हा बदल अधिक विकासाभिमुख आहे.

अमेरिकेतील टेनेसी राज्यातले चॅटनूगा शहर याच कारणासाठी पाहण्यासारखे आहे. तिथे शहराच्या मालकीच्या वीज कंपनीने २०१० मध्ये सर्व ग्राहकांना प्रतिसेकंद एक गिगाबिट (१,००० एमबीपीएस) वेगाची सेवा देऊ केली. हे जाळे वीजवितरणाचे बिघाड आपोआप वेगळे काढण्यासाठीही वापरले गेले आणि त्याला अमेरिकेच्या केंद्र सरकारचे सुमारे ११ कोटी १५ लाख डॉलरचे अनुदान मिळाले होते. पहिल्या दहा वर्षांत सुमारे ९,५०० रोजगार आणि २.६९ अब्ज डॉलरचा लाभ झाल्याचा अंदाज तिथल्या विद्यापीठातील अर्थतज्ज्ञाने मांडला, आणि त्यात वीज कमी खंडित झाल्याने वाचलेला पैसाही धरलेला आहे. मात्र फोक्सवॅगन या मोटार कंपनीने आपला कारखाना तिथे आणण्याचा निर्णय २००८ मध्येच, म्हणजे ही सेवा येण्यापूर्वी, जाहीर केला होता, हेही लक्षात ठेवावे लागते.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. म्हणजे सर्व वाड्यांना एकदम जोडण्याऐवजी, ज्यांचा व्यवसाय आज जोडणीअभावी अडतो त्या घरांपासून सुरुवात करावी, असा आपला सूर दिसतो. पण मग ज्या वाड्यांत असा व्यवसायच नाही त्या कायमच्या मागे राहतील, ही मला खरी भीती वाटते.

उत्तर १ (प्राध्यापिका, पुन्हा)

आपली भीती रास्त आहे, आणि म्हणून व्यवसायाची व्याख्या फार संकुचित करू नये. गणपतीला येणारा चाकरमानी घरातून कार्यालयाचे काम करू शकला तर चार दिवसांऐवजी तीन आठवडे राहील आणि तेवढे दिवस त्याचा खर्च गावातच होईल. अभ्यासक्रम ऑनलाइन शिकणारी मुलगीही याच हिशेबात धरावी.

उत्तर ३ (अभियंता, पुन्हा)

तांत्रिकदृष्ट्या यावर उपाय आहे. मुख्य तार टाकतानाच प्रत्येक वाडीच्या तोंडाशी जोडपेटी आणि फायबरचे काही मोकळे (न वापरलेले) धागे ठेवावेत; केबल ओढण्याच्या मजुरीपुढे जास्तीच्या धाग्यांची किंमत किरकोळ असते, आणि पुढे मागणी आली की फक्त शेवटचा तुकडा टाकावा लागतो. केबल व्यावसायिकाशी करार करताना दुरुस्ती किती तासांत होईल, वीज गेल्यावर यंत्रणा बॅटरीवर किती वेळ चालेल आणि अपलोडचा किमान वेग किती मिळेल, या तीन गोष्टी लेखी घ्याव्यात आणि त्या मोडल्यास रक्कम कापण्याचे कलम घालावे. नळपाणी योजनेची दुरुस्ती त्याच वर्षी करायची असेल, तर चर खणण्याचे काम एकत्र करता येते का, हेही दोन्ही कंत्राटदारांना ठरावापूर्वी विचारावे.