लसूणघासावर तांबेरा: फवारणीबाबत मदत हवी आहे

करवीर तालुक्यात पंचगंगेकाठच्या काळ्या जमिनीत आमचा दहा गुंठे लसूणघास असून, तिसऱ्या कापणीनंतरच्या फुटव्यात पानांच्या मागील बाजूस तांबूस पुळ्या उठल्या आहेत. बोट फिरवल्यास विटकरी भुकटी लागते, त्यामुळे हे साधे ठिपके नसून तांबेरा हा बुरशीजन्य रोगच असावा. तुषार सिंचन थांबवून पाटाने पाणी दिले आणि निम्मे क्षेत्र फुलोऱ्याची वाट न पाहता कापले, तरी नव्या फुटीवर पुळ्या पुन्हा दिसल्या. हाच चारा दोन दुभत्या म्हशींना रोज जातो (नुसत्या कडब्यावर त्यांचे दूध लगेच घटते), म्हणून आंतरप्रवाही (झाडाच्या आत भिनणारे) बुरशीनाशक अद्याप टाळले आहे. कापणीनंतर लगेच पाण्यात मिसळणारे गंधक फवारल्यास रोग आटोक्यात येतो का, आणि त्यानंतर किती दिवसांनी चारा घालावा?