मार्खा खोऱ्यातील पायी प्रवास : वाटाड्या, घरमुक्काम आणि गोंपांतील वावर

विचारणा (इंदोरा, नागपूर)

सप्रेम जय भीम. लडाखमधील मार्खा खोऱ्यात कुटुंबासह पायी जाण्याचा आमचा बेत आहे आणि त्याबाबत जाणत्या मंडळींचा सल्ला हवा आहे. मी शिक्षिका असल्यामुळे सुट्टी जूनच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंतच मिळते. सोबत माझे पती, अकरावीत जाणारी मुलगी आणि पासष्टी गाठलेले माझे वडील असतील. बाबांना रक्तदाबाची गोळी चालू आहे, मात्र ते रोज पहाटे तासभर चालतात आणि मुळात ही इच्छा त्यांचीच आहे. लहानपणापासून दीक्षाभूमीवर जात आलेल्या या माणसाला, जिथे कित्येक पिढ्या घराघरांत बुद्ध आहे, अशी गावे एकदा डोळ्यांनी पाहायची आहेत.

आमच्यासमोर दोन पर्याय आहेत. एका संस्थेची मोठी तुकडी ठरलेल्या तारखांना निघते. तंबू, आचारी, खेचरे असे सगळे त्यांचेच असते आणि माणशी खर्च कमी पडतो. दुसरा पर्याय म्हणजे लेहमधून स्थानिक वाटाड्या ठरवून गावातल्या घरांत मुक्काम करत जाणे, ज्याला खर्च अधिक येतो. यातला कोणता निवडावा?

आणखी एक गोष्ट आमच्यासाठी महत्त्वाची आहे. आम्ही बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा पाळणारे आहोत आणि दारू घेत नाही. तिकडे घरी आलेल्या पाहुण्याला जवाची छांग देण्याची रीत आहे, असे वाचले. नाही म्हटले तर घरच्यांचा अपमान होईल का? शिवाय गोंपांमध्ये, म्हणजे तिथल्या बौद्ध मठांमध्ये, उग्र रूपाच्या अनेक देवता असतात. तिथे आमच्यासारख्यांनी कसे वागावे, हे कुणी अनुभवातून सांगितले तर बरे होईल.

प्रतिसाद (धरमपेठ, नागपूर)

ताई, दुसरा पर्याय घ्या, आणि वाटाड्या केवळ लेहमधला नको, शक्यतो त्याच खोऱ्यातल्या स्क्यू, हांकर अशा गावांतला किंवा शेजारच्या रुंबकचा असावा. या एका गोष्टीवर तुमचा सारा प्रवास अवलंबून आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

वाट दाखवण्यासाठी म्हणाल, तर मार्खाला वाटाड्याची गरज तशी कमीच लागते. चिलिंगपाशी झंस्कार नदी ओलांडली की स्क्यू, मार्खा, हांकर ही गावे एकाच नदीच्या काठाने येतात, पुढे निमालिंगचे कुरण, मग सुमारे ५,२०० मीटर उंचीची कोंगमारू खिंड आणि पलीकडे अरुंद घळीतून शांग सुमदोपर्यंत उतार. वाटाड्या लागतो तो नदी दुपारी चढते तेव्हा ती पायी कुठून ओलांडता येईल हे ओळखण्यासाठी, कुणाचा चेहरा उतरला तर त्याच वेळी माघारी फिरवण्यासाठी आणि सर्वांत जास्त म्हणजे चुलीपाशी बसल्यावर बोलणे सुरू करून देण्यासाठी. बाहेरून आलेल्या मोठ्या तुकडीसोबत गेलात तर तंबू गावाबाहेर लागतो, जेवण आपल्याच आचाऱ्याचे मिळते, आणि खोऱ्यातून जाऊनही खोऱ्यातल्या माणसांशी ‘जुले’ या नमस्कारापलीकडे बोलणे होत नाही. बाबांना जे पाहायचे आहे ते घरांच्या आत आहे.

हांकरच्या एका स्वयंपाकघरातले दृश्य सांगतो, म्हणजे माझे म्हणणे लक्षात येईल. खोलीच्या मधोमध नक्षीची लोखंडी चूल, तिच्यात वाळलेले शेण आणि झुडपांच्या काटक्या. मागच्या भिंतीवर छतापर्यंत फळ्या आणि त्यांवर ओळीने लावलेली तांब्यापितळेची भांडी. घरातल्या आजीबाई लांबट लाकडी नळकांड्यात चहा, लोणी आणि मीठ घालून दांड्याने घुसळत होत्या, आणि त्यांची नात बुटक्या चौरंगावर वही ठेवून गणिते सोडवत होती. आमच्या वाटाड्याने फळीवरच्या एका ओगराळ्याकडे बोट दाखवून ते कुठले, असे विचारले, आणि तिथून पुढे तासभर आजीबाई बोलत राहिल्या. ते चिलिंगचे होते. चिलिंगचे धातुकाम करणारे कारागीर म्हणजे १७व्या शतकात लेहजवळच्या शेयची मोठी बुद्धमूर्ती घडवण्यासाठी नेपाळमधून आणलेल्या कारागिरांचे वंशज, अशी तिकडची परंपरा आहे. तुमच्या प्रवासाची सुरुवात त्याच गावापासून होते, तेव्हा तिथे थोडे थांबा.

या घरांची रीतही समजून घेण्यासारखी आहे. कर्त्या मुलाचे लग्न होऊन घर त्याच्या हाती आले की आईवडील मोठे घर, म्हणजे खांगछेन, सोडून शेजारच्या लहान घरात, खांगूत, राहायला जात असत. जमिनीचे तुकडे पडू नयेत म्हणून भावाभावांची मिळून एकच पत्नी असण्याची प्रथाही पूर्वी होती. ती १९४०च्या दशकाच्या सुरुवातीला कायद्याने बंद झाली. काही कुटुंबांचा मिळून फासपून नावाचा गट असतो. त्यांचे कुलदैवत एक, आणि जन्म, लग्न किंवा मृत्यू कुठल्याही घरी झाला तरी सगळी कामे गटातली माणसे उचलतात. मयताच्या घरच्यांना त्या दिवसांत कशालाच हात लावावा लागत नाही. शेताला पाणी कुणी केव्हा घ्यायचे हे ठरवायला गावोगावी छुरपोन नेमलेला असतो. पाऊस जवळजवळ नसलेल्या प्रदेशात हिमनदीच्या ओढ्यावर शेती करायची, तर एवढी शिस्त हवीच.

खर्चाचे म्हणाल, तर घरमुक्कामाचे पैसे सरळ त्या घरी जातात आणि पाहुणे सहसा पाळीपाळीने घरोघरी दिले जातात. हा सारा भाग हेमिस राष्ट्रीय उद्यानात येतो, जे सुमारे ४,४०० चौरस किलोमीटरचे असून हिमबिबट्यासाठी ओळखले जाते. गोठ्यात शिरून एका रात्रीत अनेक मेंढ्या मारणाऱ्या या प्राण्यावर गावकऱ्यांचा राग असणे स्वाभाविक होते. उघड्या गोठ्यांवर जाळी बसवण्याचे काम झाले आणि घरमुक्कामातून उत्पन्न सुरू झाले, तेव्हापासून जिवंत हिमबिबट्याचे मोल गावाला वेगळ्या प्रकारे कळू लागले. ताडोबाच्या काठच्या गावांत वाघाबद्दल चालणारे बोलणे आपण ऐकलेले आहे, त्यामुळे हे आपल्याला सांगावे लागत नाही.

जूनच्या मध्याचा काळ चालेल. खिंडीच्या माथ्यावर बर्फ शिल्लक असण्याची शक्यता धरा. शेते नुकतीच हिरवी होत असतील. चिलिंगच्या बाजूने मोटररस्ता खोऱ्यात आत सरकत चालला आहे, त्यामुळे चालण्याची सुरुवात नेमकी कुठून करायची हे वाटाड्याशी आधी बोलून घ्या. बाहेरच्या राज्यांतली प्रीपेड सिमकार्डे लडाखमध्ये चालत नाहीत. निदान एक पोस्टपेड सोबत ठेवा.

प्रतिसाद (मेडिकल चौक, नागपूर)

मी वैद्यकीय व्यवसायात असल्यामुळे फक्त उंचीविषयी लिहितो, आणि वरील प्रतिसादात राहून गेलेली एक गोष्ट ठामपणे मांडतो : बाबांना कोंगमारू खिंडीवरून नेऊ नये.

नागपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम ३१० मीटरवर आहे आणि लेह साधारण ३,५०० मीटरवर. सकाळी विमानात बसून दुपारी लेहला उतरलेल्या माणसाच्या शरीराला या फरकाची तयारी करायला वेळच मिळालेला नसतो. पहिले दोन दिवस लेहमध्ये जवळजवळ काहीही न करता घालवावेत, तिसरा दिवस हाताशी ठेवावा, आणि त्यानंतर झोपण्याची जागा एका रात्रीत ५०० मीटरहून अधिक वर जाऊ देऊ नये. ३,००० मीटरच्या वर हा सर्वसाधारण नियम आहे. हांकर सुमारे ४,००० मीटरवर आणि निमालिंग ४,७०० मीटरच्याही वर आहे, म्हणजे नेमक्या याच टप्प्यात हा नियम मोडतो. मधे एक मुक्काम वाढवा. ठरलेल्या तारखांच्या तुकडीत तो वाढवता येत नाही, म्हणून स्वतंत्र वाटाड्या घेण्याच्या सल्ल्याशी माझ्या बाजूनेही मी सहमत आहे.

वेळ असेल तर जाताना विमान टाळावे. नागपूरहून रेल्वेने जम्मू, तिथून श्रीनगर, आणि झोजिला खिंड ओलांडून कारगिलला मुक्काम करत लेहला पोहोचावे. कारगिल सुमारे २,७०० मीटरवर असल्यामुळे शरीराला मधली पायरी मिळते, जी मनालीच्या रस्त्याने तशी मिळत नाही.

डोके दुखणे, मळमळ, झोप न लागणे ही सुरुवात असते. या अवस्थेत वर चढू नये. चालताना तोल जाऊ लागला, बोलण्यात विसंगती आली, किंवा बसल्या जागी धाप लागून खोकला सुरू झाला, तर मेंदूवर किंवा फुप्फुसांत सूज येत असण्याची शक्यता असते आणि त्या वेळी रात्र असो वा पहाट, रुग्णाला ताबडतोब खाली उतरवणे हाच मुख्य उपाय आहे. अ‍ॅसिटाझोलामाइड हे औषध प्रतिबंधासाठी देतात, पण सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी आणि रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी ते स्वतःच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये. तरुण आणि धडधाकट माणसालाही हा त्रास होतो, त्यामुळे मुलीने तो लपवता कामा नये, हे तिला निघण्याआधीच समजावून सांगा.

बाबांसाठी दुसरी वाट सुचवतो. लेहच्या पश्चिमेला शाम भागात लिकिरहून यांगथांग, हेमिस शुकपाचन आणि तेमिसगाम अशी गावागावांतून जाणारी वाट आहे. खिंडी ४,००० मीटरच्या आत आहेत, मुक्काम घरांतच असतात, आणि कुठल्याही टप्प्यावर गाडी गाठता येते. लिकिरचा गोंपा मोठा आणि नांदता आहे. त्यांना जे पाहायचे आहे ते इथेही मिळेल.

सरावासाठी रामटेकच्या गडमंदिराच्या पायऱ्या पाठीवर वजन घेऊन चढाव्यात. नागद्वारीच्या यात्रेला सातपुड्यातून चालणारी विदर्भातली माणसे पायांनी भक्कम असतात. परंतु पायांचा सराव आणि विरळ हवेची सवय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी फक्त तिथे जाऊनच होते.

प्रतिसाद (कामठी)

जय भीम, ताई. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर द्यावेसे वाटले, कारण याच शंका मनात घेऊन मीही तिकडे गेलो होतो.

छांग नाकारल्याने अपमान होत नाही, मात्र नाकारण्याची पद्धत आहे. लडाखमध्ये आग्रह दोन-तीनदा होतोच आणि पाहुण्याने आधी नाही म्हणणे हा शिष्टाचारच समजला जातो, त्यामुळे तुमचे पहिले ‘नको’ कुणी खरे मानणार नाही. ‘आम्ही पंचशील घेतले आहे’ एवढे वाटाड्याकडून सांगवा. भिक्खूंचे आणि व्रतस्थ माणसांचे गाव असल्यामुळे हे कारण तिथे लगेच समजते आणि छांगेच्या जागी चहा येतो. तो चहा मात्र दोन्ही हातांनी घ्या. एक घोट घेतला की पेला पुन्हा भरला जातो, म्हणून नको असेल तेव्हा भरलेला तसाच समोर राहू द्यावा आणि निघताना संपवावा. भाजलेल्या जवाचे पीठ चहात कालवून खातात; आपल्याकडच्या सातूची सवय असलेल्या माणसाला ते परके वाटत नाही.

गोंपाबद्दल मी बाबांशी बोलतो तसे लिहितो. तिथला धम्म वज्रयान परंपरेतला आहे. पद्मसंभव, तारा, दारापाशी उग्र रूपाचे धर्मपाल, हे सारे आपल्या विहारात नसते, आणि बाबासाहेबांनी दिलेल्या धम्माच्या दृष्टीने त्यातले बरेच काही आपल्याला स्वीकारार्ह नाही. ते स्वीकारल्याचा देखावा करण्याची गरज नाही, तसेच तिथे उभे राहून वाद घालण्याचीही नाही. मुख्य दालनात शाक्यमुनींची मूर्ती असेल तर तिच्यासमोर बसून त्रिशरण-पंचशील म्हणा. आमचे पालीतले शब्द ऐकून एका वृद्ध लामांनी आपली जपमाळ थांबवली, आणि ‘बुद्धं सरणं गच्छामि’ संपेपर्यंत हात जोडून ते आमच्या शेजारी बसून राहिले. त्यांनी आम्हाला आणि आम्ही त्यांना काहीही विचारले नाही.

बाकीचे नियम साधे आहेत. वाटेत मंत्र कोरलेल्या दगडांच्या लांब भिंती आणि स्तूप लागतात. ते आपल्या उजव्या हाताला ठेवून पुढे जावे. त्या दगडांवर बसू नये आणि त्यातला लहानसाही दगड उचलून आणू नये. घरांच्या छतावर किंवा टेकाडावर शिंगे आणि जुनिपरच्या फांद्या रचलेले ग्रामदेवतेचे ठिकाण दिसते, त्याला हात लावू नये. चूल पवित्र मानतात, तिच्यात कचरा टाकू नये. घरातला संडास कोरडा असतो, वापरानंतर माती टाकायची. तेच खत पुढे शेतात जाते, म्हणून त्यात पाणी किंवा प्लॅस्टिक टाकणे म्हणजे त्यांच्या शेताचे नुकसान करणे होय.

लेहच्या विमानतळाला ज्यांचे नाव आहे त्या कुशोक बकुला रिनपोछे (१९१७–२००३) यांची माहिती मुलीला आधी वाचायला द्या. भिक्खू असूनही ते खासदार झाले, आणि पुढे मंगोलियात भारताचे राजदूत म्हणून दहा वर्षे होते. गोंपा म्हणजे केवळ पूजास्थान नव्हे, हे तिला त्यावरून कळेल.

विचारणा करणाऱ्या ताईंचा पुढील प्रश्न

सर्वांचे मनःपूर्वक आभार. बाबांशी बोलले; त्यांनी शामची वाट आनंदाने स्वीकारली आहे. आता सर्वांनी मिळून आधी शाममध्ये चालायचे, नंतर बाबांना पतींसोबत लेहमध्ये ठेवायचे आणि मी व मुलीने मार्खाला जायचे, असा विचार आहे. दोघी बायकांनी जाणे योग्य राहील का? आणि शामनंतर लेहमध्ये पुन्हा थांबावे लागेल का?

प्रतिसाद (धरमपेठ, नागपूर)

हा बेत आधीच्यापेक्षा उत्तम आहे. शाममधल्या दिवसांत उंचीची सवय झालेली असेल, त्यामुळे लेहला एक रात्र विश्रांती पुरेल. निमालिंगच्या आधीचा वाढीव मुक्काम मात्र डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे ठेवाच. लडाखमध्ये स्त्री वाटाड्याही आहेत आणि त्यांच्यासोबत अनेक महिला निर्धास्तपणे जातात. घरांत पाहुणचार बहुधा गृहिणीच करते, त्यामुळे वाटाडी स्त्री असली की बोलणे अधिक मोकळे होते. ठरवताना तिच्याकडे प्राथमिक उपचारांचे प्रशिक्षण आहे का, खेचरवाला कोणत्या गावचा आहे, आणि खोऱ्यातून बाहेर निरोप पाठवण्याची काय व्यवस्था आहे, हे तिन्ही विचारून घ्या. निमालिंगला रात्री पाणी गोठते, म्हणून झोपण्याच्या पिशव्या लेहमध्ये भाड्याने घ्याव्या लागतील. त्या निघण्याच्या आदल्या दिवशी उघडून, चेन तपासूनच ताब्यात घ्या.