एडिटरमध्ये शॉर्टकट लावला आणि ₹ गायब झाला

नवीपेठ_डीटीपी
नमस्कार मंडळी. सोलापुरात नवी पेठेत माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे. टॉवेल-चादरवाल्यांची दरपत्रकं हे बारमाही काम. हल्ली ती वेबसाइटवर जातात, म्हणून व्हीएस कोड या एडिटरमध्ये एचटीएमएल करतो. विंडोज आहे, कीबोर्ड इंग्लिश इंडिया आणि मराठी इन्स्क्रिप्ट.

प्रत्येक ओळीत माल, माप, नग, दर असे चार रकाने. तेच तेच टाइप करून बोटं दुखायला लागली, म्हणून कंट्रोल+ऑल्ट+४ ला अख्ख्या ओळीचं स्निपेट, म्हणजे साठवून ठेवलेला तयार मजकूर, लावलं. चार रकाने म्हणून ४, लक्षात राहतं. स्निपेट झकास चालतंय, पण त्या दिवसापासून उजवा ऑल्ट+४ दाबला की ₹ येतच नाही, तिथं चार रकान्यांची ओळ येऊन बसते! नोटपॅडमध्ये तीच बटणं दाबली की ₹ येतो, म्हणजे कीबोर्ड शाबूत आहे. परवा एका पार्टीच्या पत्रकात दराच्या घरात अख्खी ओळ घुसली. त्यांनी व्हॉट्सॲपवर लाल गोल करून पाठवलं, वर एक हसणारं तोंड.

दुसरं, ६० × ९० मधल्या गुणिलेसाठी मी इंग्रजी एक्स मारतो. दिसायला बरं दिसत नाही. त्यालाही एखादं बटण देता येईल का?

कंसातला_कंस
काका, कीबोर्ड बरोबर आहे आणि तुमचं स्निपेटही बरोबर आहे. विंडोज उजवा ऑल्ट म्हणजे कंट्रोल+ऑल्टच समजतं. त्यामुळे उजवा ऑल्ट+४ आणि कंट्रोल+ऑल्ट+४ एडिटरला एकच. तुमचा शॉर्टकट आधी झडप घालतो, ₹ उमटायची वेळच येत नाही. खात्री करायची तर एफ१ दाबून ‘टॉगल कीबोर्ड शॉर्टकट्स ट्रबलशूटिंग’ चालू करा आणि उजवा ऑल्ट+४ दाबा. खाली कोणतं बटण पोचलं आणि कोणती कमांड चालली ते लिहून येतं.

कंट्रोल+ऑल्टच्या वाटेला जाऊच नका. दोन टप्प्यांचा शॉर्टकट घ्या: कंट्रोल+के, मग नुसतं ४. बदलायला कंट्रोल+के, कंट्रोल+एस दाबून यादी उघडा.

गुणिलेसाठी नंबरपॅडवरची चांदणी वापरा की, ती गुणाकाराचीच आहे. शॉर्टकटांच्या जेसन फाइलमध्ये तिचं नाव नमपॅड अंडरस्कोर मल्टिप्लाय, सगळं स्मॉल. तिच्याआधी कंट्रोल आणि अधिकचं चिन्ह, कमांड ‘टाइप’, आर्ग्जमध्ये टेक्स्ट म्हणून ×. तो पहिला × मिळवायला ऑल्ट धरून नंबरपॅडवर ०२१५.

नवीपेठ_डीटीपी
ट्रबलशूटिंगमध्ये कंट्रोल+ऑल्ट+४ असंच आलं! इतकी वर्षं उजवा ऑल्ट दाबतोय, पण त्याच्या पोटात कंट्रोल आहे हे आज कळलं.

कंट्रोल+के, ४ लावलं, पण पहिल्याच फटक्याला पत्रकाच्या सगळ्या ओळी मिटल्या. चादरीच्या घड्या घालून ठेवल्यासारख्या. काय झालं?

कंसातला_कंस
कंट्रोल सोडलं नाही तुम्ही. कंट्रोल+के, कंट्रोल+४ म्हणजे चौथ्या पातळीची घडी. उघडायला कंट्रोल+के, कंट्रोल+जे. आणि के झालं की बोट उचला.

अक्षरजुळणी
एफ९ वगैरे का नाही देत? एकच बटण.

नवीपेठ_डीटीपी
दिलं होतं हो आधी. दुकानात चालतं, घरच्या लॅपटॉपवर आवाज वाढतो. रात्री अकराला बायकोची झोप मोडली.

अक्षरजुळणी
तो एफएन बटणाचा खेळ. एफएन बहुतेक लॅपटॉपांवर कीबोर्डातच जिरतं, विंडोजपर्यंत पोचत नाही, म्हणून एडिटरात त्याचा शॉर्टकट करता येत नाही. बऱ्याच लॅपटॉपवर एफएन+एस्केपनं एफ-बटणं सरळ होतात, बघा करून.

चिन्हांचा विषय आहे तर एक सांगतो. ‘दुसऱ्या’ शोधताना अर्धे शब्द सापडत नसतील तर त्याचं कारण वेगळं. इन्स्क्रिप्टवर शिफ्ट+जे, मग डी, मग स्लॅश दाबलं की ऱ + हलन्त + य होतं. काही जण साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा जोडक टाकतात. डोळ्याला दोन्ही सारखंच, शोधाला दोन वेगळे शब्द. शोधाच्या खिडकीत रेग्युलर एक्सप्रेशन (नमुन्यावरून शोध) चालू करा, र आणि हलन्त लिहून पुढे बॅकस्लॅश, स्मॉल यू, २००डी टाका. आकडे मात्र इंग्रजी. बदलून ऱ आणि हलन्त.

नवीपेठ_डीटीपी
एफएन+एस्केप चाललं. चांदणीवर × पण आला, ६० × ९० आता छापल्यासारखं दिसतंय. ‘दुसऱ्या’चं करून बघितलं. एका जुन्या पत्रकात ‘दुसऱ्या प्रतीचा माल’ सतरा ठिकाणी, त्यातले अकरा जोडकवाले निघाले. ते माझ्याकडे आधी कामाला असलेल्या पोरानं टाइप केलेलं. मी त्याला उगाच बोललो होतो, शोधून दुरुस्त करायचा आळस करतोस म्हणून.